आमच्याच घरातली चोरी

गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीत चोरी झाली तेव्हा मी नववीत होते. दुपारची वेळ. आई रॉकेलच्या रांगेत, मी शाळेत, बाबा लूमच्या खात्यात. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. घरी आलो तर कडी उचकटलेली आणि टीव्ही गायब. टीव्ही काळा-पांढरा होता. खात्याच्या शेठनी त्यांच्या घरी रंगीत आणला तेव्हा दिवाळीला हा आम्हाला दिला होता. आवाज चांगला यायचा, चित्र हवा असेल तसं.

"चौकीत जा, तक्रार द्या," आई म्हणाली.

"राहू दे. जुनाच होता."

"आपली वस्तू गेलीय. आपण का घाबरायचं?"

बाबा का घाबरत होते ते आईला पुरतं माहीत होतं, मला अर्धंमुर्धं. इंग्रजांनी एक कायदा करून आमची अख्खी जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली होती. पाळण्यातलं पोरसुद्धा त्यातून सुटलेलं नव्हतं. जळगावकडच्या आमच्या वस्तीत आजोबांना पोलीस पाटलाकडे रोज हजेरी द्यावी लागे. देश स्वतंत्र झाला, काही वर्षांनी कायदाही रद्द झाला. पण ते वस्तीत येऊन कोणी सांगितलं नाही, म्हणून आजोबा पुढेही बराच काळ हजेरी देत राहिले आणि पाटील घेत राहिला. मग हजेरी थांबली. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या बाप्यांना ठाण्यात नेऊन बसवायची पद्धत मात्र चालू राहिली. खबरदारी म्हणून. झेंडावंदन नीट पार पडलं की सोळा तारखेला सोडून द्यायचे. त्यामुळे आमच्याकडे स्वातंत्र्य एक दिवस उशिरा यायचं.

बाबा सुरतेला आले ते याच कारणानं. इथे महाराष्ट्रातून आलेला माणूस नुसता 'मराठी', त्यापुढे कोणी विचारत नसे. शिवाय आमची घरची बोली गुजरातीला जवळची. शेजारच्या खानदेशी बायकांना वाटायचं, ही माणसं फार हुशार, किती लवकर भाषा उचलली.

शेवटी आईचं ऐकून बाबा चौकीत गेले. लिहायला लागलं तर असावी म्हणून मला सोबत घेतलं. टेबलाशी जमादार बसला होता, म्हणजे आपल्याकडचा हवालदार. बोलण्यावरून तो खानदेशचाच निघाला, तेव्हा मला बरं वाटलं.

"कुठले तुम्ही?"

"जळगावकडचे, साहेब."

त्यानं गाव विचारलं, बाबांनी सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. जमादाराचं पेन थांबलं. त्यानं बाबांकडे नव्यानं पाहिलं आणि आतल्या फोजदाराला हाक मारली, "साहेब, आ तो चोर जातना छे!"

तो कायदा रद्द झाला तेव्हा हा जमादार जन्मलाही नसेल. त्याला कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण पाठ चांगलं होतं.

फोजदार बाहेर आला. चिडलेला वगैरे नव्हता. त्यानं हिंदीत विचारलं, "टीवी आया कहाँ से?"

"साहेब, टीवी चोरी हो गया."

"गया कहाँ वो बाद में देखेंगे. पहले बोल, आया कहाँ से?"

बाबांना आतल्या बाकावर बसवलं. आमच्या घरातून गेलेला टीव्ही आम्ही कुठून चोरला होता, याची चौकशी सुरू झाली. तक्रार लिहायची राहूनच गेली.

मी धावत खात्यावर गेले आणि शेठना सांगितलं. शेठ मला स्कूटरवर मागे बसवून चौकीत आले.

"टीव्ही मी दिलाय," ते फोजदाराला म्हणाले. "चोरी कोणाच्या घरी झाली?"

"यांच्याच."

"मग हा आत का?"

फोजदारानं शेठना बाजूला नेऊन आमची जात सांगितली. शेठनी आणखी काही विचारलं नाही. बाबांना सोडवून ते निघाले तेव्हा जाताना फक्त म्हणाले, "उद्या वेळेवर ये."

दुसऱ्या दिवशी बाबा गेले ते काम सुटणार असं धरूनच. सुटलं नाही. पण त्याच आठवड्यापासून पाळी संपली की दारात प्रत्येक कामगाराची डब्याची पिशवी तपासायला सुरुवात झाली. एकट्या बाबांची तपासली तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून सगळ्यांची. शेठ खरोखरच भले होते. तपासणीचं कारण कोणालाच माहीत नसल्यामुळे कामगार चिडून शिव्या द्यायचे. बाबाही त्यांच्यात उभे राहून द्यायचे.

टीव्ही मिळाला नाही. चौकीला मात्र बाबा मिळाले. गल्लीत कोणाची सायकल गेली, कुठे पाण्याची मोटर गेली, की शिपाई आमच्या दारात. बाबा शर्ट बदलून जायचे, दिवसभर बसायचे, संध्याकाळी यायचे. खाडा पडायचा. तिथे कधी कोणी हात लावला नाही, असं ते सांगत. ते अंघोळीनंतर लगेच शर्ट घालायला लागले होते, एवढं मी पाहिलं होतं.

एकदा शिपाई आला तेव्हा आई घरी साड्यांच्या मागचे लोंबणारे धागे कापायचं काम करत होती. व्यापाऱ्याचं गाठोडं होतं, संध्याकाळी परत द्यायचं. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, कात्री कमरेला खोचली आणि बाबांच्या मागोमाग निघाली. मी तिच्या मागे. चौकीत बाबांच्या शेजारी बसून तिनं एक एक साडी उलगडून काम सुरू केलं. दुपारपर्यंत फरशीवर रंगीत धाग्यांचा थर झाला. पंख्यानं ते उडून टेबलावर, टोप्यांवर, फोजदाराच्या चहात.

"ये क्या लगा रखा है?" फोजदार ओरडला.

"काम है, साहेब. घर का आदमी इधर, तो काम भी इधर," आई म्हणाली. "चोर मिलेगा तो हम जाएँगे."

"अभी जाओ!"

"इनको लेके?"

त्यानं हात झटकला. आईनं साड्यांच्या नीट घड्या घातल्या, गाठोडं बांधलं आणि आम्ही तिघं बाहेर पडलो. घरी येऊन तिनं साड्या उजेडात धरल्या. तीन साड्यांना धाग्याबरोबर कापडही कापलं गेलं होतं. एरवी तिच्या हातून असं कधी होत नसे. सुई घेऊन ती रफू करत बसली आणि बाबा तिला दोरा ओवून देत राहिले.

त्यानंतर बोलावणं आणखी एकदाच आलं. आईनं गाठोडं उचललेलं पाहून शिपाई म्हणाला, "बेन, तमे ना आवो." "मग हेही नाही येणार," आई म्हणाली. तो परत गेला आणि पुन्हा आला नाही. बाबा म्हणतात, त्याच सुमारास फोजदाराची बदली झाली होती. आईला हे मान्य नाही.