सरदारचं वजन

गहिनीनाथ, चष्मा सापडत नसेल तर हे पत्र सुनेकडून वाचून घ्या; पण पूर्ण ऐका.

श्रीरामपूरजवळच्या आपल्या ट्रस्टच्या हरणवाड्यात तुम्ही एकोणीस वर्षं चारा घालताय. दोन वर्षांपूर्वी चैत्रात सरदार, आपला मोठा चितळ नर, खाईनासा झाला. बरगड्या मोजता येऊ लागल्या. अध्यक्ष काकासाहेबांनी भर सभेत विचारलं, "गहिन्या, पेंड कुणाच्या म्हशीला जाते रे?" सगळे हसले. मीही समितीवर होते. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेली बाई, आणि गप्प बसले!

तुम्ही हातापाया पडला नाहीत. पेंडीच्या खोलीची किल्ली टेबलावर आपटलीत. "आजपासून खुराक तुमच्या मानसानं घालायचा. मी फकस्त वजन करनार."

कांद्याच्या वखारीतला जुना वजनकाटा आणलात आणि त्याचा तक्ता गव्हाणीपुढे जमिनीसरसा पुरलात. वर माती पसरलीत. त्यावर उभं राहिल्याशिवाय हरणाचं तोंड गव्हाणीत पोचेना. दर अमावास्येला आकडा खडूनं पाटीवर. चैत्रात अठ्ठ्याहत्तर किलो, वैशाखात एकाहत्तर, ज्येष्ठात चौसष्ट. खुराक काकासाहेबांचा माणूस घालत होता. सरदार दोन घास हुंगायचा आणि ओरडत पुन्हा माद्यांमागे.

"लगीनघाईत नवरदेव जेवतो व्हय, बाई?" तुम्ही मला म्हणालात. "माद्या त्याच गव्हानीत खात्यात. त्यांचं वजन हाय तेवढंच हाय. मी पेंड चोरली असती तर त्या न्हाई वाळल्या?"

हे मला सुचायला हवं होतं. पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि तेच ठणकावून सांगितलं.

"काटाच खोटा," काकासाहेब म्हणाले. "त्याच्यावर सरकारी शिक्का कुठाय?"

"दिवाळीपर्यंत थांबा," एवढंच तुम्ही म्हणालात.

पावसाळ्यात माज ओसरला आणि सरदारनं गव्हाण चाटून पुसून काढली. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला भरला पंच्याऐंशी. काकासाहेबांनी डोळे बारीक करून पाटी वाचली, मग चपला काढून स्वतःच तक्त्यावर चढले.

"ब्याण्णव," तुम्ही ओरडलात.

"डॉक्टरकडं बी परवा एवढंच भरलं हुतं," ते पुटपुटले. खाली उतरले, खिशातली किल्ली काढून तुमच्या हातात दिली. "चुकलं माझं, गहिनीनाथ."

तरी तुमचा हट्ट कायम: "बाई, काट्याला शिक्का मारून आणायचाच. परत कुनी बोलाया नको." टेम्पो ठरवून सोमवारी आपण दोघांनी जायचं होतं. त्या सोमवारी माझा गुडघा दुखत होता, पुढच्या सोमवारी एक मादी व्याली, आणि मग राहूनच गेलं. काटा अजून तिथंच पुरलेला आहे, बिनशिक्क्याचा.