कमलला नसलेली सवय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही, दुकानात रोज चहाला येणाऱ्या दोस्तालाही नाही. तुमची-माझी ओळख नाही — म्हणून जमतंय की काय, कोण जाणे.

गोष्ट दातांची आहे. हसू आलं ना? येऊ द्या.

माजलगावात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी नवी तार भरून देतो. लग्न झालं तेव्हा घर दोन खोल्यांचं. मधे पत्र्याचा आडोसा, पलीकडे आई. कमलला येऊन आठवडा झाला नसेल. सकाळी चहा पिता पिता आई म्हणाली, "रातच्याला दात कोण खातंय रे? नुसती करकर! झोपेत दात खाणारं माणूस घराला खातंय म्हणतेत."

मला माहीत होतं कोण ते. अंबाजोगाईला शिकायला होतो, तेव्हा खोलीतली पोरं याच करकरीपायी मला उशा फेकून मारायची. आणि तरी मी — बशीतला चहा फुंकत, अगदी सहज — म्हणालो, "कमल खाते."

का म्हणालो? आईची भीती होती? नव्या बायकोसमोर लाज वाटली? इतकी वर्षं शोधतोय. एकही कारण पुरत नाही.

कमलनं नंतर हळूच विचारलं, "मग मला कसं कळत न्हाई हो?" मी म्हणालो, "झोपेतलं कुणाला कळतं?" तिला पटलं. माझं नाही पटणार तर कुणाचं? आईनं तिला जंताचं औषध दिलं, पंधरा दिवस कडुलिंबाचा पाला चावायला लावला. तिनं मुकाट्यानं चावला. झोप तिची दगडासारखी, त्यामुळे माझा आवाज तिच्या कानी कधी गेलाच नाही. पुढे पोरांनी ऐकला, तर त्यांनीही कमलचंच नाव घेतलं. घरात ते ठरूनच गेलेलं.

एवढंच असतं तर मी विसरलोही असतो. पण तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, धारूरला. सगळ्या बायका एका खोलीत झोपल्या. कमल दोन रात्री भिंतीला टेकून टक्क जागी राहिली — आपल्या दातांचा आवाज बहिणीच्या सासरच्या पाहुण्यांच्या कानी जाऊ नये म्हणून. परत आली ती डोळे लाल करून, आणि मलाच हसत हसत सांगितलं. मी काय केलं? मीही हसलो. त्यानंतर ती कुणाकडे मुक्कामाला राहिली नाही. माहेरी गेली तरी संध्याकाळच्या गाडीनं परत.

गेल्या वर्षी शेंगदाणा चावताना माझी दाढ तुटली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून पाहिलं. "काका, तुम्ही झोपेत दात खाता. घासून सपाट झालेत." शेजारी बसलेल्या कमलचा चेहरा उतरला. म्हणाली, "माझीच सवय लागली असंल हो यांना. इतकी वर्षं शेजारी झोपून."

बाईंना हसू आलं. माझं तोंड उघडंच होतं, पण त्यात आरसा होता. नंतर आरसा निघाला. तरी मी बोललो नाही.

माप घेऊन त्यांनी नाइट गार्ड करून दिला — दातांवर बसवायची पारदर्शक पट्टी. गरम पाण्यानं ती वाकडी होते, म्हणून कमल रोज सकाळी गार पाण्यात, मऊ ब्रशनं ती धुते. मी धुतो म्हटलं तर हातातून काढून घेते. "माझ्यापायी झालं," म्हणते. माझ्या तोंडातली ती पट्टी ती अशी धुते, जशी लेकीची दुधाची बाटली धुवायची.

महिन्याभरानं तिनं विचारलं, "अलीकडं माझा आवाज येतो का हो?"

बघा, किती सोपं होतं. तो आवाज तुझा नव्हताच कमल, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "न्हाई. तुझं सुटलं."

तिनं दोनदा विचारून खात्री केली. मग बहिणीला फोन लावला. दिवाळीनंतर धारूरला जाऊन आठ दिवस राहिली, बहिणीच्या शेजारी अंथरूण टाकून. आली ती इतकी खुशीत, की आल्या आल्या पिशवीतल्या साड्या तशाच ठेवून मला सगळं सांगत बसली. बहीण म्हणे, "अक्का, तू तर लई शांत झोपतीस."

मी ऐकत होतो. तिनं कधीच दात खाल्ले नव्हते. एक रात्रही नाही. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.