ऑर्किडची फुलगळ

तेहतीस वर्षं मी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना पिकाचा सल्ला दिला, आणि रिटायर झाल्यावर मला एक कुंडी तीन आठवडे सांभाळता आली नाही.

कुंडी सुनेची. लग्नाला तीन महिने झालेली आमची प्रज्ञा शाळेत शिकवते. ट्रेनिंगसाठी आष्टीला जाताना तिनं आपलं लाडकं ऑर्किड माझ्या हातात दिलं. एक लांब दांडा, त्यावर सात जांभळी फुलं. "बाबा, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही," म्हणाली. सुनेनं पहिल्यांदाच काहीतरी विश्वासानं माझ्या हवाली केलं होतं. मी छाती फुगवून म्हणालो, "बिनघोर जा."

चौथ्या दिवशी एक फूल गळलं. हिनं (म्हणजे माझ्या बायकोनं) ते उचलून बुद्धमूर्तीपुढं ठेवलं. मी पाणी वाढवलं, दोन गळली. पाणी तोडलं, आणखी दोन. आठवडा संपेस्तोवर दांडा बोडका झाला.

"आवो, फुलांचं वय झालं आसंल," ही म्हणाली.

"तुला काय कळतंय? किती वर्षं नोकरी केली मी?"

"तेच म्हनते. इतकी वर्षं काय केलं तुमी?"

तेवढ्यात प्रज्ञाचा मेसेज आला, 'बाबा, ऑर्किडचा फोटो पाठवा ना.' खरं सांगून टाकणं सोपं होतं. मी पिशवी घेऊन धारूरच्या बाजारात गेलो.

प्लास्टिकची जांभळी फुलं आणली आणि बारीक तारेनं दांड्याला बांधायला बसलो. एकदा हात बसला तो थांबेना. नऊ फुलं झाली. वर पाण्याचे शिंतोडे मारले (दव म्हणून!) आणि फोटो पाठवला. 'वा बाबा!' असं उत्तर आलं. त्या दोन शब्दांनी माझं डोकंच फिरलं. मग रोज एक फोटो, आणि सोबत माझा आवाज: "फुलगळ थांबवायची तर झाडाचं मन ओळखावं लागतं, बेटा."

शेजारी शेंगा फोडत बसलेली ही म्हणाली, "लाज हाय का जरा?"

होती. पण मेसेज गेलता.

प्रज्ञा परतली ती छोटी कात्री घेऊनच. "बाबा, ऑर्किडची फुलं दोन-तीन महिन्यांनी गळतातच. मग उसाला असतो तसा दांड्यावरचा डोळा बघायचा आणि दुसऱ्या डोळ्याच्या वर कापायचं. पुन्हा फुटवा येतो. तुमची फुलं काही गळेनात, तेव्हा तुम्हीच कापा."

कात्री माझ्या हातात, कानशिलं तापलेली. शेवटी गुपचूप तार सोडवायला लागलो.

"चुकलो, बेटा. ही पिलास्टिकची हायेत." साहेबी भाषा केव्हाच गळून पडली होती.

"माहितीय, बाबा. मी जाताना सात होती. पहिल्याच फोटोत नऊ दिसली."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"वाटलं, तुम्हीच सांगाल."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मान खाली घालून मी दांडा कापला, तिनं बोट ठेवलं तिथंच.

पुढं त्या डोळ्यातून खरंच फुटवा आला आणि परवा त्यावर कळ्या दिसल्या. मी लगबगीनं आत गेलो. "अगं, तीन कळ्या आल्यात."

हिनं चष्मा लावला, बाहेर गेली, मोजून आली.

दोनच होत्या.