आमच्या घरातली करणी

मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'आईचे शिक्षण' असा एक रकाना असतो. दर जूनमध्ये मी त्यात 'नववी पास' लिहायची. दहावीला दोनदा बसून दोन्ही वेळा गणितात आपटले, हे लिहायला तिथे जागा नव्हती ते बरंच होतं. पोरगी आठवीत गेली तेव्हा तिने तो फॉर्म माझ्या हातातून घेतला, स्वतः भरला आणि तेवढा रकाना कोरा सोडला. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. एकदा तरी तिथे 'दहावी पास' लिहायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं.

सांगितलं फक्त धाकट्या जावेला. ती अकोल्याची, गणितात एमएस्सी झालेली, रोज आमच्या तिवशाहून एसटीने अमरावतीला जाऊन क्लासमध्ये शिकवायची. आमचं घर फुलवाल्यांचं. झेंडू, शेवंती, निशिगंध. बाजारात जाईल तेवढा माल अमरावतीला, उरलेल्याचे हार करून मोझरीच्या आश्रमात. ही पोरगी लग्न होऊन आली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, ही काय हार गुंफणार! ती माझ्यापेक्षा चांगले गुंफते, आणि कोणत्या हाराला किती दोरा लागेल तेही आधीच सांगते.

माझी अट एकच होती, घरात कोणाला कळता कामा नये. तिसऱ्यांदा आपटले तर निदान हसं व्हायला नको. तिचीही एकच अट होती, गणितात हसायचं. ती म्हणे, विनोद कळला म्हणजे गणित कळलं. पाठ करणाऱ्याला हसू येत नाही.

संध्याकाळी मागच्या खोलीत दार लोटून आम्ही हार गुंफत बसायचो, आणि हारांच्या आडून अभ्यास चालायचा. पाया कच्चा म्हणून तिने मला नववीपासून धरलं. तिथे करणी भेटली. दोनचं किंवा तीनचं वर्गमूळ काढायला जावं तर ते कधी पूर्ण येत नाही. मग ते तसंच चिन्हाखाली झाकून ठेवायचं, त्याला गणितात करणी म्हणतात. ती म्हणाली, "ताई, ही करणी उतरवाले मांत्रिक नाई लागत, जोडी लागते." मी हसले. तिने हातातला हार खाली ठेवला.

"हे हसू खोटं हाये," ती म्हणाली. "उद्या पेपरात बी असंच खोटं लिहसान."

पंधरा वर्षं सासरी काढलेल्या बाईला खोटं हसणं शिकवावं लागत नाही. पण हिच्यासमोर ते चालेना. मग तिने मला घरातलीच माणसं दिली. एक भागिले तीन म्हणजे आपले मामंजी: गोष्ट संपतच नाही, पण तीच ती, तीन तीन तीन. आणि दोनचं वर्गमूळ म्हणजे त्यांची बहीण, आत्याबाई: त्यांचंही संपत नाही, पण एकदा सांगितलेलं त्या पुन्हा त्याच क्रमाने कधी सांगत नाहीत. पहिलं परिमेय, दुसरं अपरिमेय. यावर मी खरंच हसले, आणि तो फरक जन्मात विसरणार नाही. करणीचा विनोद मात्र डोक्यावरून गेला तो गेलाच.

सासूबाई चौथी शिकलेल्या, अक्षराला अक्षर लावून वाचतात. परीक्षेला तीन-चार महिने राहिले असताना एकदा झाडता झाडता त्यांना माझी वही सापडली. वर ठळक अक्षरात 'करणी'. खाली 'सजातीय करणी', 'करणीचे सरळ रूप'. दोन सुना रोज दार लोटून कुजबुजतात, मध्येच हसतात, हे त्या आधीपासून पाहत होत्याच. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या हातचा चहा सोडला. आपला कप आपण करून घ्यायच्या आणि भगोनंही स्वतःच घासून ठेवायच्या. आम्हाला वाटलं, पित्त झालं असेल. तिसऱ्या दिवशी त्या मागच्या खोलीत आल्या आणि वही आमच्या पुढ्यात टाकली.

"कोनावर करून राहिल्या वं तुमी दोघी?"

खरं सांगावं तर परीक्षेचं बिंग फुटतं, न सांगावं तर आम्ही चेटकिणी. मी जावेकडे पाहिलं. एवढी शिकवणारी बाई, दोन वाक्यांत समजावून मोकळी होईल. पण तिने दोऱ्याची गाठ मारली आणि शांतपणे म्हणाली, "ताई सांगतात."

तेव्हा तिचा असा संताप आला होता! आज वाटतं, माझ्यावर एवढा भरवसा कोणत्याच मास्तरने टाकला नव्हता.

आधी परीक्षेचं सांगून टाकलं. मग सासूबाईंना अंगणात नेलं आणि मातीत काडीने एक हात बाय एक हात चौकोन काढला. म्हटलं, हा वाफा. याच्या दुप्पट जागेचा चौकोनी वाफा करायचा तर बाजू किती घ्याल? त्या म्हणाल्या, दोन हात. मी काढून दाखवला; त्यात पहिल्यासारखे चार वाफे बसले. मग हाराचा दोरा पहिल्या वाफ्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणला, त्या लांबीचा चौकोन काढला, आणि तो बरोबर दुप्पट भरला. आता हा दोरा हाताने मोजायचा तर दीड हाताला जरा कमी. बोटं लावा, अर्धं बोट लावा, पाव लावा, दर वेळी थोडंसं उरतंच. त्यालाच पुस्तकात करणी म्हणतात.

सासूबाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. "दोरा तं बराबर बसला," त्या म्हणाल्या. "मंग खोट आकड्यात हाये, दोऱ्यात नाई."

जाऊ दारात उभी होती. इतकं नेमकं माझ्या क्लासात आजवर कोणी बोललं नाही, असं ती नंतर मला म्हणाली.

मग सासूबाईंनी विचारलं, ही उतरवता कशी? मी वहीत दाखवलं. तीनच्या करणीत दोनची करणी मिळवलेली, आणि तिच्या शेजारी तीच वजा केलेली. ही अनुबद्ध जोडी. दोघींचा गुणाकार केला की करण्या गळून पडतात आणि उरतो एक. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जावेकडे. मी घरभर बोलणारी, ती मोजून बोलणारी.

"एक मिळवते, एक वजा करते," त्या म्हणाल्या. "म्हंजे तुमी दोघी."

आणि महिन्यापूर्वीचा तो विनोद मला तेव्हा कळला. जोडी लागते! मी मातीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. जाऊ फक्त म्हणाली, हे हसू खरं. सासूबाईंनी वही झटकून माझ्या हातात दिली आणि चहा ठेवायला सांगितला.

तेव्हापासून माझ्या वाट्याचे हार त्या गुंफू लागल्या, कान मात्र आमच्याकडे. दहावीची वर्गसमीकरणं आली. समीकरणाच्या उत्तरांना मुळं म्हणतात. ती आहेत का ते सांगणारा विवेचक ऋण आला की 'मुळे वास्तव संख्या नाहीत' एवढं लिहायचं नि पुढे जायचं. सासूबाईंना ते पटेना. त्यांनी विचारलं, "मुळं नाई, तं झाड उभं कशावर हाये?" जाऊ खूश झाली. म्हणाली, आई, हेच विचारून विचारून माणसांनी काल्पनिक संख्या शोधल्या. मुळं आहेत, फक्त आपल्या जमिनीत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, मग मोठीला ते काहून नाई शिकवत? दहावीला तेवढं पुरतं, हे ऐकून त्या पुस्तकावरच नाराज झाल्या.

पेपरात तसंच एक समीकरण आलं. विवेचक ऋण निघाला, मी उत्तर लिहिलं आणि मला हसू फुटलं. पर्यवेक्षक बाई जवळ येऊन माझा पेपर पाहून गेल्या. त्यांना काय सांगणार?

गणितात एकोणचाळीस मिळाले. पोरीने जुनाच कोरा फॉर्म कुठून तरी शोधून आणला, तो रकाना माझ्या समोर धरला, आणि मी रडत रडत त्यात लिहिलं. दुपारी गल्लीतल्या बाया पेढे खायला आल्या. सासूबाई ओसरीवर बसून कौतुकाने सगळ्यांना सांगत होत्या की माझ्या दोन्ही सुनांना करणी येते. पेढा तोंडाशी नेलेल्या बाया थबकल्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

"उतरवता बी येते," त्या म्हणाल्या.