स्टेपनी, पाना, पाईप आणि पोळपाट

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला मी नाही. पाटोद्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. विहिरीवरची मोटार अमावस्येला बंद पडते, आपोआप चालू होते, तिथं काहीतरी आहे... असं शपथेवर सांगणारे शेतकरी मी ढीगभर पाहिलेत. जाऊन बघावं तर स्टार्टरमध्ये पाल मरून पडलेली, नाहीतर वायर ढिली. आमच्या धंद्यात भूत म्हणजे लूज कनेक्शन. या सदरातले अनुभव वाचूनसुद्धा मी बायकोला म्हणायचो, लोकांना कामधंदे नाहीत. आता मीच लिहायला बसलोय, तर हसणाऱ्यांनी हसून घ्यावं.

माझ्याकडे एक छोटी गाडी आहे. जुनी, पण इमानदार. गॅसवर चालते. गॅसची टाकी डिकीत बसवल्यावर तिथं चमचा ठेवायलाही जागा उरली नाही, आणि स्टेपनी मागच्या सीटवर ठेवायची तर गिऱ्हाइकाच्या मोटारी कुठं ठेवू? म्हणून मी स्टेपनी काढली आणि दुकानाच्या पत्र्यावर टाकली. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून आमच्याकडं सगळेच वर काही ना काही ठेवतात. कुणी दगड, कुणी फुटकं जातं, मी स्टेपनी. जॅक दुकानातल्या टेबलाच्या मोडक्या पायाखाली गेला. चाकाचा पाना शेजारच्या ट्रॉलीवाल्यानं नेला तो नेलाच. दोन वर्षं गाडी अशीच पळवली. कुणी टोकलं की म्हणायचो, पाटोदा ते बीड पंक्चरवाल्यांना काय तोटा आहे?

आता आत्याचं सांगतो. माझ्या वडिलांची, म्हणजे तात्यांची, ही एकुलती एक थोरली बहीण. घाटनांदूरला दिलेली. आठवी-नववी मी तिच्याकडंच राहून शिकलो. तिखट बाई! तिनं काम सांगितलं की "करतो" म्हणायची सोय नव्हती, उठावंच लागायचं. पण माझ्या ताटात तुपाची धार तिच्या स्वतःच्या मुलापेक्षा, विठ्ठलपेक्षा, जास्त असायची. तो अजून मला त्यावरून टोमणे मारतो.

नऊ वर्षांपूर्वी विठ्ठलच्या मुलीच्या लग्नात टॉवेल-टोपीच्या आहेरावरून बिनसलं. विठ्ठलचा मामा म्हणून तात्यांचा मान पहिला, हे सगळ्यांना माहीत. त्या गर्दीत कुणीतरी आधी गावच्या पुढाऱ्याला टोपी घातली, फोटो काढले, आणि तात्यांचं नाव पुकारलं ते पाचव्या की सहाव्या नंबरला. तात्या उठले ते सरळ मांडवाबाहेर. आत्या मागं धावत आली, पण ती पडली तिखट. माफी मागायच्या ऐवजी म्हणाली, "एका टोपीपायी बहिणीच्या दारातून उपाशी चाललास?" झालं. नऊ वर्षं अबोला. ना भाऊबीज, ना राखी. आमच्या घरात आत्याचं नाव काढायची बंदी. मी चोरून विठ्ठलशी बोलायचो. दिवाळीत तिला पॅरालिसिसचा झटका आला, तेही त्यानंच कळवलं. नंतर कधीही विचारलं की एकच उत्तर — बरी हाय. मी दोनदा "जाऊया का" म्हणून तात्यांपुढं विषय काढला. दोन्ही वेळा ते ताटावरून उठले.

ही गोष्ट यंदाच्या फेब्रुवारीतली. बुधवार होता. दुपारी अडीचच्या सुमाराला मी दुकानात तार गुंडाळत बसलो होतो. फोन वाजला. स्क्रीनवर नाव — आत्या. तिचा साधा बटणांचा फोन होता, नंबर माझ्याकडं सेव्ह होता. मला आनंद झाला, वाटलं बरी झालेली दिसते.

"बाळ्या, गाडीत चाक हाय का?"

ना कसा आहेस, ना काही. मी विचारलं, आत्या, तब्येत कशी आहे? तर आवाज चढला. "चाक हाय का म्हणते मी." मी म्हणालो नाही. जॅक? नाही. पाना? तोही नाही.

"आत्ताच्या आत्ता घाल. पाना उगं असून भागत न्हाई, त्याला लावाय हातभर पाईप घे. आन् घरातला जुना पोळपाट घे."

"पोळपाट कशाला, आत्या?"

"घे म्हणलं की घ्यायचा. आन् किसनला घिऊन ये."

किसन म्हणजे तात्या. फोन कट झाला. मी परत लावला तर बंद लागला. आवाज तिचाच होता, स्वच्छ, खणखणीत. आजही मी शपथेवर सांगतो.

मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस. पण हातातली मोटार खाली ठेवली आणि उठलो. का उठलो, सांगता येत नाही. सवय असेल. शिडी लावून पत्र्यावर चढलो, स्टेपनी खाली काढली. उन्हानं टायरला भेगा पडलेल्या, हवेचा पत्ता नाही. टेबलाखालचा जॅक काढला, तिथं विटा लावल्या. पाना मागायला ट्रॉलीवाल्याकडं गेलो, तर तो पठ्ठ्या म्हणतो, हा माझाच आहे! भांडून आणला. मग रफिकभाईच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन स्टेपनीत ट्यूब टाकून घेतली. त्यानं स्टेपनी हातात फिरवून बघितली आणि विचारलं की मय्यतीतून उठवून आणली का. वर आपणहून चारही चाकांचे नट हवेच्या गननं करकचून आवळून दिले. पाईपचा तुकडा दुकानातच होता.

राहिला पोळपाट. बाभळीचा, माझ्या आईच्या हातचा, जाड, मधोमध चीर गेलेला. माळ्यावर पडून होता. बायको खालून बघत होती. आत्यानं सांगितलंय म्हटल्यावर ती म्हणाली, "गाडीत काय पोळ्या लाटणार का?" पण तिला बरं वाटलं. आत्या स्वतः फोन करायला लागल्या म्हणजे सुधारल्या, म्हणाली. तात्यांना मात्र दोघांनीही काही सांगितलं नाही. आणि "किसनला घिऊन ये" हे तर मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही, कारण ते माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला विठ्ठलचा फोन. रडत होता. दोन दिवस आत्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात होती, डॉक्टरांनी पहाटे घरी न्यायला सांगितलं. पाणीही उतरत नव्हतं. "मामाला आण, बाळू. सारखी दाराकडं बघायलीय."

तात्या ओट्यावर बसले होते. मी एका दमात सांगून टाकलं आणि शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो. ते उठले. आत गेले, धोतर बदललं, टोपी घातली आणि जाऊन गाडीत बसले. मी अजून चपला शोधत होतो.

मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई. तात्या पुढं, स्टेपनी मागच्या सीटवर पाहुण्यासारखी ऐसपैस. एवढ्या वाटेत ते एकदाच बोलले. विचारलं, "वळखंल का रे मला?" मी म्हणालो, ओळखेल की. चुकून उशीर झाला तर या माणसाचं काय होईल, याच विचारानं मी गाडी जमेल तेवढी दामटत होतो.

अंबाजोगाई सोडली. पुढं आठ-दहा किलोमीटर गेलो असू. फाट्... मागचं डावं चाक बसलं. रस्ता अरुंद, समोरून उसाच्या ट्रॉल्या, म्हणून गाडी डांबरावरून खाली घ्यावी लागली. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झालेला आणि खाली काळी माती. विठ्ठलला फोन लावला, उचलला नाही. दोन मोटरसायकलवाले थांबले, पण तात्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना मागं बसता येत नाही. तात्या उतरले आणि काठी टेकत सरळ चालायलाच लागले. मी हाताला धरून थांबवलं.

स्टेपनी काढली, चाकांना दगड लावले, पाना घेतला. नट हलेना! रफिकभाईनं गननं असे आवळलेले की मी पान्यावर उभा राहून उड्या मारल्या तरी ढिम्म. आणि मग आठवलं... पाईप. पान्याच्या दांड्यात पाईप घातला, जोर लावला, कर्रर्र करून पहिला नट सुटला. मग दुसरा. चारही सुटले.

जॅक लावला. फिरवतोय, फिरवतोय, गाडी काही उठेना. जॅकच मातीत चाललाय खाली. आजूबाजूला फळी नाही, सपाट दगड नाही, नुसतं रान. खोटं कशाला बोलू, मी जॅक फिरवायचा थांबलो. कारण आता काय करायचं ते मला आधीच सांगितलेलं होतं.

मी गाडीतून पोळपाट आणला. त्याचे पाय मातीत रुतवले, वर जॅक ठेवला. पोळपाट कुरकुरला, चीर रुंदावली, पण टिकला. गाडी वर आली.

तात्या शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "पोळपाट कुणी ठिवाय सांगितला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आत्यानं. काल फोन आलता."

तात्या त्या चिखलात, ऑपरेशन झालेला पाय लांब करून, पांढऱ्या धोतरासकट खाली बसले आणि मला एक-एक नट हातात देऊ लागले.

दोनला आम्ही घाटनांदूरला पोचलो. आत्या बाहेरच्या खोलीत खाटेवर होती. एवढीशी झालेली. उजवी बाजू गेलेली, डोळे मात्र दाराकडं. तात्या उशाशी बसले, म्हणाले, "आक्का, मी आलोय. किसन." तिचा डावा हात हळूहळू वर आला आणि त्यांच्या टोपीवर जाऊन थांबला. तात्या लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, विठ्ठलही. विठ्ठलची बायको चमच्यानं पाणी पाजत होती, ते उतरत नव्हतं. तात्यांनी चमचा घेतला. त्यांच्या हातून दोन चमचे उतरले.

मग त्यांनी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. नऊ वर्षांचं. माझी आई कशी गेली, कुठली म्हैस विकली, पाटोद्यात कोण म्हातारं राहिलं, कोण नाही. ती नुसती बघत होती. दिवेलागणीला तिनं डोळे मिटले. तेव्हाही तात्या बोलतच होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मी विठ्ठलला सहज म्हणालो, परवा फोनवर किती छान बोलली रे, अगदी पहिल्यासारखी. तो माझ्याकडं बघतच राहिला.

"बाळू, आई दिवाळीपासून एक शब्द बोलली न्हाई. वाचाच गेलती. तू आन् मामा काळजी करशाल म्हणून मी बरी हाय म्हणायचो."

मी मोबाईल काढून दाखवला. बुधवार, दुपारी अडीच, इनकमिंग, आत्या, दोन मिनिटं. त्या वेळी आत्या दवाखान्यात सलाईनवर होती आणि विठ्ठलची बायको तिच्या उशाशी. विठ्ठलनं कपाटातून आत्याचा फोन आणला. मागचं झाकण नाही, बॅटरी फुगली म्हणून त्यानं जानेवारीतच काढून वेगळी ठेवलेली. रिचार्जही दिवाळीतच संपलेला. माझ्या गाडीत व्होल्टेज मोजायचा मीटर असतो. बॅटरीला लावून बघितला. शून्य.

मी डोकं खूप चालवलं. कुणी आवाज काढला म्हणावं, तर कोण काढणार आणि पोळपाटाचं कशाला सांगणार? मलाच भास झाला म्हणावं, तर मोबाईलमधल्या नोंदीचं काय? एक मित्र म्हणतो सॉफ्टवेअरची गडबड. असेल बाबा. पण आयुष्यात दोनदा गाडीत बसलेल्या बाईला पान्याला पाईप लावतात हे कुणी शिकवलं, आणि तेही नट आवळायच्या आधी? आजवर कुठं ढिली वायर सापडली नाही मला.

तात्यांना मी हे तेराव्यानंतर, परतीच्या वाटेवर सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. केज मागं पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग तिनं मला का म्हून न्हाई केला फोन? माझा नंबर तर तिला पाठ होता."

मी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणालो, "तात्या, तुमी उचलला असता का?"

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मांजरसुंबा आलं तरी बघतच होते.

"न्हाई," म्हणाले.