सर्व्हर रूमच्या मामी

मामींनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत ‘फोर्स’ हे बटण एकदाही दाबलं नाही. झाशीच्या आमच्या कारखान्यात सगळ्या विभागांचा डेटा ज्या मोठ्या स्टोरेजवर राहायचा, ते त्या सांभाळत. एखादी व्हॉल्यूम, म्हणजे त्या स्टोरेजचा कुणाला तरी वापरायला दिलेला तुकडा, पुसायला घेतली आणि ‘वापरात आहे’ असं उत्तर आलं, की बाकीचे लोक जबरदस्तीने पुसून मोकळे होत. मामी खुर्ची मागे सारून चपला घालत. “मशीन नाही म्हणतंय तर काही कारण असेल ना,” म्हणायच्या, आणि ती व्हॉल्यूम कोण धरून बसलंय हे बघायला शेडच्या दिशेने चालू लागायच्या.

त्यांचं घर खंडेराव गेटजवळ. पाच-सहा पिढ्या झाशीत गेलेल्या. नवऱ्याचा भाचा आमच्याच स्टोअरमध्ये होता, तो त्यांना मामी म्हणायचा. त्याच्या बायकोच्या माहेरचे दोघं इथेच कामाला, तेही मामी म्हणायचे; मग सगळा कारखानाच ‘मामीजी’ म्हणू लागला. मी सांगलीहून नवा आलेला. माझ्याशी त्या मराठीत बोलत, पण दर तिसऱ्या वाक्याला हिंदी यायचंच. “बेटा, तुझी मराठी ऐकली की बरं वाटतं. माझी मुलगी समजते सगळं, बोलत मात्र नाही.”

पहिल्याच आठवड्यात एका सर्व्हरची डिस्क भरली. मी एक भलीमोठी जुनी फाइल पुसली, तरी जागा मोकळी होईना. मी गोंधळलो. मामी म्हणाल्या, “नाव पुसलंस तू. पण आत कुठला तरी प्रोग्राम ती अजून उघडून बसलाय. तो सोडेल तेव्हा जागा सुटेल.” तो प्रोग्राम टेस्टिंग शेडमधल्या सक्सेनाजींचा निघाला. मला वाटलं, आता बंद करतील. त्यांनी फोन लावला. “सक्सेनाजी, आपका काम कब तक चलेगा?” चारपर्यंत, असं उत्तर आलं. आम्ही चारपर्यंत थांबलो.

दुसऱ्या वर्षी मामी दिराच्या मुलीच्या लग्नाला एरच या गावी गेल्या. माझ्या खात्याला व्हॉल्यूम पुसण्याचा अधिकार नव्हता; अडलं तर असावा म्हणून स्वतःचा पासवर्ड मला देऊन गेल्या. त्याच दिवशी साहेबांना नव्या ड्रॉइंगसाठी दुपारच्या आत जागा हवी होती. यादीतली एक व्हॉल्यूम रिकामी असल्याचं मला माहीत होतं. पुसायला गेलो तर ‘वापरात आहे’. साहेबांचा दुसरा फोन आला आणि मी ती सर्व्हरपासून जबरदस्तीने तोडली, पुसली. दहा मिनिटांत सक्सेनाजींच्या शेडमधून फोन. रिकाम्या व्हॉल्यूमच्या आणि त्यांच्या व्हॉल्यूमच्या नावात शेवटच्या एका आकड्याचा फरक होता. मी त्यांच्या तीन वर्षांच्या चाचण्या पुसल्या होत्या.

मी मामींना फोन लावून सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “त्यानंतर त्या जागेवर काही नवीन बनवलंस?”

“नाही.”

“मग हात लावू नकोस. येते मी.”

एरचहून मोठ नावाच्या गावापर्यंत जीप, तिथून बस. लग्नाच्या साडीतच त्या सर्व्हर रूममध्ये आल्या. पुसलेली व्हॉल्यूम एक दिवस कचऱ्यात राहील अशी सोय त्यांनी पूर्वीच करून ठेवली होती. ती परत आली, पण उघडेना. लिहिणं चालू असताना ओढून काढल्यामुळे फाइल सिस्टीम, म्हणजे आतल्या फाइलींची मांडणी, बिघडली होती. मी दुरुस्ती सुरू करायला गेलो, तसा त्यांनी माझा हात धरला. “आधी नक्कल काढ. जे करायचं ते नकलेवर करू. मूळ जसं आहे तसं राहू दे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं मिळालं. फक्त आदल्या सकाळच्या एका चाचणीची नोंद गेली. मी मेल लिहायला बसलो. “मेल नको,” मामी म्हणाल्या. “चालत जा. तोंडाने सांग.”

सक्सेनाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा पुसला. “सुबह छह बजे से लगे थे हम,” इतकंच म्हणाले. मग स्टूल पुढे सरकवलं. “बैठो. कल फिर लगा देंगे.” त्या स्टूलवर बसणं मला फार जड गेलं.

मामींनी रिपोर्ट लिहिला आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिला. माझी चूक त्यात स्पष्ट होती. तिच्या खाली, नियम मोडून आपण पासवर्ड दिला, हेही होतं.

“हे कुणी विचारलं नव्हतं, मामी.”

“झालंय ना पण? मग लिहायला नको?”

त्या वर्षी विभागप्रमुखपद त्यांना मिळणार असं सगळे धरून चालले होते. ते दुसऱ्या कुणाला मिळालं. त्या माणसाच्या हाताखाली त्यांनी उरलेली वर्षं काढली. एकदा मी माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, “तुझ्या वाट्याचं तू बघ. माझ्या वाट्याचं माझ्याकडे राहू दे.”

मामी निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी त्यांचं खातं बंद करायचं काम माझ्याकडे होतं. मी ते केलं नाही. उद्या करू म्हटलं, आणि दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

“माझ्या मोबाइलवर अजून ऑफिसचे मेल येतात, बेटा. बंद कर.”

“करतो, मामी.”

“आत्ता कर. मी आहे फोनवर.”

मी यादी उघडली, त्यांचं नाव दोनदा तपासलं आणि खातं बंद केलं.

“झालं?”

“झालं.”

मग त्या म्हणाल्या, “अच्छा. ठेव आता फोन, काम कर.”