काळजीचं चीज

ठाण्यात काळजी करण्याचा मक्ता सरकारने कुणाला द्यायचं ठरवलं असतं, तर तो आमच्या आतोबांना बिनबोभाट मिळाला असता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, कचेरीत कारकून. आगगाडी कोपरीहून खाडीच्या पुलाकडे निघाली की ती पलीकडे पोचल्याचा आवाज येईपर्यंत ते हातातला घास तोंडात घालत नसत. घरात कुणी शिंकलं तर आधी स्वतःची नाडी बघत.

एका वर्षी मात्र काळजीला खरंच कारण होतं. त्यांचा लहानपणापासूनचा मित्र पेद्रू, जवळच्या वाडीतला ख्रिस्ती शेतकरी, तापातून उठला तो अन्नाला शिवेनाच. वैद्यांनी हात टेकले. पेद्रूला एकच आठवे, आजीच्या हातचं मऊ चीज, वर काकडी-मुळा पेरलेलं, पावाला लावून खायचं. त्याला विरजण म्हणून वासराच्या पोटातलं काहीतरी लागतं हे कळल्यावर आतोबा नुसतं ऐकूनच आंघोळ करून आले. मग त्यांनी ठरवलं, सायीचं दही टांगायचं आणि मीठ घालायचं. आत्याला उगाच काळजी नको म्हणून तिला काही सांगितलं नाही.

दही उपरण्यात टांगून ते खालीच बसले. पाणी फार गळतंय का, मांजर कुठे गेलं, पेद्रूचा श्वास चालू असेल ना? दर अर्ध्या तासाने ते त्याच्याकडे धावत. ते अशाच एका फेरीवर असताना आत्याला तो चक्का दिसला. आमच्या घरी दही टांगलं की त्याचं एकच होतं. तिने मुकाट्याने साखर घालून तो फडक्यावर घासून वाटीत काढला. आतोबा घाईने परतले, वर मीठ, काकडी, मुळा आणि मिरची पेरून वाटी घेऊन पळाले. चव बघणार कशी? आजाऱ्याचं अन्न उष्टं झालं असतं.

पेद्रूने बोटभर चाटलं. आतोबांनी डोळे मिटून घेतले.

"भाऊ," पेद्रू म्हणाला, "ह्ये शिरखंड हाय. वर मुला हाय."

आणि तो इतका हसला की त्याची बायको रडत आत धावली. हसता हसता त्याने वाटी संपवली.

आतोबा पेद्रूच्या आधी गेले, हे मला अजून पटत नाही. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर पेद्रू मुळ्याची जुडी घेऊन मागच्या दारी आला. आत्याने काही न विचारता दही टांगायला घेतलं.

"साखर घाल हां, वयनी," तो म्हणाला.

तेवढ्यात गाडीची शिटी झाली. ती पलीकडे पोचेपर्यंत आम्ही तिघंही गप्प उभे राहिलो.